ओव्याच्या पुडीतली नवरी

मंडळी, ऐका. आज आख्यानात राजा नाही, राक्षस नाही, वनवास नाही. आज आहे एक पत्र! साधं, निळं, आंतर्देशीय. बहिणीनं भावाला लिहिलेलं, आणि भावानं उत्तर न दिलेलं.

तुम्ही म्हणाल, बुवा, त्यात काय एवढं? आमच्या घरी अशी कैक पडली असतील! पडली असतील हो. म्हणून तर सांगतोय.

पण आधी एक प्रश्न. पोटाची भूक मेली तर आपण डॉक्टरकडे जातो. जीभ दाखवतो, नाडी दाखवतो. पण मनाची भूक मेली तर? ज्या गोष्टीवर जन्मभर जीव टाकला, ती एके दिवशी तोंडात घेतली आणि बेचव लागली, तर चूक कोणाची? त्या गोष्टीची? जिभेची? का वाढणाऱ्याची? देवाचं नाव घेतानासुद्धा होतं असं. माळ फिरते, ओठ हलतात, आणि आत सगळं सामसूम! कोणाकोणाचं होतं? नको, हात वर करू नका. मलाही करावा लागेल!

मला काही मोठ्या बुवांसारखं गाता येत नाही. पेटीवाले सांभाळून घेतात म्हणून चाललंय. पण ही गोष्ट मला फार दिवस सांगायची होती. जमेल तशी सांगतो.

बोरजाई नावाचं बाजाराचं गाव. तिथं राहायचे रघुनाथराव चिंचणकर. अख्खं गाव त्यांना तात्या म्हणायचं. पाटबंधारे खात्यात कारकून. स्वभाव असा भिडस्त, की दुकानदारानं चुकून दुसराच साबण दिला तर तोच वापरून संपवतील, पण बदलून मागणार नाहीत! पण वाचन? वाचनाच्या बाबतीत माणूस वाघ. हाती येईल ते पुस्तक फस्त!

ही गोडी लावली कोणी? मोठ्या बहिणीनं. गोदाक्कानं.

लहानपणी त्यांच्या गावच्या वाचनालयातून एका घराला एकच पुस्तक मिळायचं. पुस्तक एक, वाचणारी पोरं दोन! मग काय करायचं? दोघं ओसरीवर पालथी पडायची, डोक्याला डोकं लावून, आणि एकाच पुस्तकातून एकाच वेळी वाचायची. आक्काचं वाचन वाऱ्यासारखं. हा आपला शब्दाशब्दाला थांबत थांबत. आक्का पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून वाट बघायची.

"झालं का रे धाकट्या?"

"थांब ना आक्के! थोडंच राहिलंय."

"अरे, मघाशी एक मुंगी आली, पान ओलांडून घरी पोचली, तिची पोरंसुद्धा जेवून झोपली. उलटू?"

"नको! नको ना!"

आणि मंडळी, तिनं कधी उलटलं नाही. चिडवायची, बोट वाजवायची, पण धाकट्याचं वाचून झाल्याशिवाय पान उलटलं नाही. आपल्यासाठी असं थांबणारं माणूस ज्याला मिळालं, त्याचं भाग्य मोठं म्हणायचं!

मग आक्काचं लग्न झालं. हिवऱ्याला दिली. सासर चांगलं. खाऊन पिऊन सुखी, माणसं मायाळू. पण घरात छापलेलं म्हणावं तर एक पंचांग आणि एक खताच्या कंपनीचं कॅलेंडर! पाठवणीच्या वेळी मुली रडता रडता काय काय सांगतात. आईला जपा, गाईला बघा. आक्का काय म्हणाली? "धाकट्या, ते पुस्तक उद्या परत करायचंय, विसरू नकोस. आणि पुढं जे वाचशील ते मला लिहून कळव."

कळवलं. उभा जन्म कळवलं! एक पुस्तक वाचून झालं की एक पत्र. पुस्तकातली गोष्ट जशीच्या तशी, बारीक अक्षरात, घडीच्या कडांवरसुद्धा लिहिलेली, आणि खाली ठळक 'समाप्त'. तिकडे हिवऱ्यात दुपारी बायका पापड लाटायला जमायच्या, तेव्हा आक्का ते पत्र मोठ्यानं वाचायची. मग तिची उत्तरं यायची: "शेजारची अनसूया विचारते, त्या वकिलानं शेवटी खरं बोलायला इतका उशीर का केला? मी म्हटलं, रघूला विचारून सांगते." म्हणजे बघा, एक माणूस बोरजाईत वाचायचा आणि हिवऱ्यातली अख्खी आळी तृप्त व्हायची!

पुढं तात्या निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. साहेब म्हणाले, "आता चिंचणकर मनसोक्त वाचतील!" तात्यांनाही तेच वाटत होतं. घरी एक कपाट होतं, खास 'निवृत्तीनंतर वाचायच्या' पुस्तकांनी गच्च भरलेलं. इतक्या वर्षांची शिदोरी!

आणि इथं त्यांची चूक झाली. चूकही अशी, की आपल्यासारख्या देवळात येणाऱ्या माणसांनीच करावी! त्यांनी वाचनाचा नेम धरला!

तुम्ही म्हणाल, बुवा, नेम वाईट कसा? थांबा. सकाळी स्नान, मग पूजा, मग वाचन. पानं ठरलेली. तेवढी झाल्याशिवाय चहा नाही! पान झालं की पेन्सिलीची खूण. सुरू केलेलं पुस्तक मध्येच सोडायचं नाही, का, तर पारायण मोडेल! पहिले काही दिवस उत्साहात गेले. मग काय झालं, पुस्तक उघडलं की नजर आधी जायची कुठं? अजून किती राहिलं, तिकडे! वाचनात चहा दिसायला लागला हो! आणि हळूहळू, कधी ते त्यांनाही कळलं नाही, गोडी आटली. डोळे ओळींवरून चालायचे, पण आत कोणीच चालत नव्हतं.

त्यांना वाटलं, चष्मा बदलायला हवा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. उलट तुम्हीच मला तपासा!"

मग कपाट बंद झालं. पण गावात नाव वाचणारा माणूस म्हणून! लोक काय म्हणतील? म्हणून ओट्यावर मांडीवर पुस्तक घेऊन बसायचे. येणारे जाणारे म्हणायचे, "वा तात्या! चाललंय वाचन!" तात्या मान हलवायचे. एकदा पत्नी शालनताई धान्य निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "अहो, निदान पान तरी उलटा. मघापासून तेच आहे. लोकांना संशय येईल."

नवऱ्याचं दुःख बायकोला कळत नाही असं समजू नका. कळतं. ती फक्त योग्य वेळ बघते!

आणि अशात आलं ते पत्र.

"चि. रघुनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद. बरेच दिवसांत तुझं पत्र नाही. प्रकृती ठीक असेलच. माझा दमा आहे तसाच आहे. डोळे मात्र देवाच्या कृपेनं शाबूत आहेत. तू सध्या काय वाचतोस? लवकर लिही. इथं सगळ्या वाट बघतात. तुझी गोदाक्का."

काय वाचतोस? किती सोपा प्रश्न! आणि तात्यांच्या छातीवर दगड. लिहायचं तरी काय? काही वाचत नाही म्हणून? जिनं वाचायला शिकवलं तिला? त्यांनी खोटं लिहायचंसुद्धा ठरवलं. पूर्वी वाचलेलं एक पुस्तक आठवून नवं म्हणून लिहायला घेतलं. दोन परिच्छेद झाले आणि हात थांबला. आक्काची स्मरणशक्ती! ती लगेच उलट लिहिणार, "अरे, हे तर तू मला माझ्या श्रीपादच्या मुंजीच्या वर्षी लिहिलं होतंस. बरा आहेस ना?" फाडून टाकलं. आक्काचं पत्र देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं. रोज पूजेला बसलं की समोर देव आणि देवाशेजारी ते पत्र. नमस्कार करायचा तरी कोणत्या तोंडानं?

काही दिवसांनी आक्काचा मुलगा दिनकर कामासाठी बोरजाईला आला. चहा घेताना सहज बोलून गेला, "मामा, आई हल्ली पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर बसते. गार वारं असतं, दमा वाढतो. आम्ही म्हणतो आत ये. तर म्हणते, इथं उजेड बरा आहे."

झालं! दिनकर गेला. तात्यांना दिसत होती ती ओट्यावरची म्हातारी, पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून थांबलेली. हिवाळा तोंडावर, दम्याचं माणूस. तिनं आणखी किती थांबायचं?

मंडळी, मनाला घोर लागला की पोट बिघडतं. तात्यांचंही बिघडलं. शालनताई म्हणाल्या, "जा, शेटेअण्णांकडून थोडा ओवा घेऊन या."

शेटेअण्णा म्हणजे किराणा दुकानदार. तुम्हाला आठवतं ना, तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या नव्हत्या. साखर, डाळ बांधायची वर्तमानपत्रात. आणि बारीकसारीक जिन्नस, ओवा, शेपा, खसखस, लवंगा? त्यांना लहान पान लागतं. म्हणजे पुस्तकाचं! अण्णा रद्दीतलं पुस्तक खिळ्याला अडकवायचे, फर्रकन पान ओढायचे, एका हातानं शंकू करायचे, की झाली पुडी!

तात्यांनी पुडी आणली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सोडली. ओवा वाटीत ओतला, आणि सवयीनं नजर कागदावर गेली.

एक होडी होती. होडीत लग्नाचं वऱ्हाड. नदीला पाणी चढतंय. हसणारी माणसं एकेक करून गप्प होतायत. आणि अगदी खाली, शेवटच्या ओळीत, नवरीनं डोक्यावरचा शालू मागं सारला आणि नावाड्याला म्हणाली, "काका, होडी मागं फिरवा."

पान संपलं!

का? सासरी निघालेली नवरी, भर नदीत, होडी मागं फिरवा म्हणते? का?

"अहो," शालनताई म्हणाल्या, "ओवा खायचा असतो. कागद नव्हे. असं काय बघताय?"

तात्यांनी चपला पायात सरकवल्या. "आलोच."

दुकानात जाऊन उभे राहिले. मागायचं होतं पुस्तक. पण भिडस्त माणूस! तोंडातून शब्द आला तो दुसराच. "अण्णा, ओवा द्या."

"आत्ताच नेलात की!"

"आणखी लागतोय."

अण्णांनी पान ओढलं, पुडी केली. तात्या रस्त्यातच सोडून वाचायला लागले. आणि हा कसला प्रकार? हे तर आधीचं पान! होडीतलं वऱ्हाड अजून हसतंय! मग उलगडा झाला. अण्णा पुस्तक मागून फाडत होते! शेवटचं पान आधी, पहिलं शेवटी. म्हणजे या गोष्टीत पुढं जायचं म्हटलं, तर तात्या जात होते मागं मागं!

पण मागं तर मागं. आणखी एक खेप झाली. शेपा. मग खसखस. मग लवंगा. आणि कळलं, मंडळी, नवरी तसं का म्हणाली ते. होडी लहान, वऱ्हाड मोठं. सगळे मावेनात, म्हणून कोणाला मागं ठेवलं? नवरीच्या पाठराखणीला निघालेल्या तिच्या लहान भावाला. 'तू इथंच थांब, दुसऱ्या खेपेला नेतो.' पोरगं काठावर उभं राहिलं, हात हलवत. आणि भर नदीत पाणी चढल्यावर नावाडी आपल्या जोडीदाराच्या कानाशी लागून म्हणाला, "आता दुसरी खेप व्हायची नाही." ते ऐकलं एकट्या नवरीनं. बाकी कोणीच नाही!

धाकटा काठावर राहिला होता.

तात्या रस्त्याच्या मध्यात, हातात लवंगांची पुडी धरून उभे होते. डोळे भरून आले. सायकलवाला घंटी वाजवून थकला, बाजूनं निघून गेला... पेटीवाले, जरा वाजू द्या. मलाही दम घेऊ द्या.

आता घरचा प्रसंग! शालनताईंनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सगळ्या पुड्या ओळीनं मांडल्या होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्यात लाटणं. "ओवा, परत ओवा, शेपा, खसखस! अहो, एवढा माल बाळंतिणीच्या घरात लागतो! मला एकदा खरं सांगा, या वयात तुमचा विचार तरी काय आहे?"

हसा, हसा! तिकडे तात्याही हसले. खूप दिवसांनी. आणि बायकोला सगळं सांगितलं. होडी, नवरी, काठावरचा भाऊ, सगळं. शालनताईंच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"मग? फिरवली का होडी?"

"माहीत नाही. पुढची पानं आधीच गेली."

"मग इथं काय उभे राहिलात? जा की!"

मंडळी, ज्या माणसानं जन्मात साबण बदलून मागितला नाही, तो माणूस शेटेअण्णांच्या फळीवर दोन्ही हात टेकवून म्हणाला, "अण्णा, मला ओवा नकोय. मला ते पुस्तक हवंय!"

अण्णा म्हणाले, "अहो तात्या, मग पहिल्यांदाच सांगायचं! मी मघापासून विचार करतोय, चिंचणकरांकडे झालंय तरी काय!" खिळ्यावरचं उरलेलं पुस्तक काढून हातात दिलं. सुरुवातीकडचा निम्मा भाग. मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत. नाव काय, लिहिणारा कोण, कशाचा पत्ता नाही!

"आणि शेवटाकडची पानं?"

"काल बाजार होता. खेड्यापाड्यांत गेली, कोणाची हळद, कोणाचे मिरे. हां, सकाळी तुमच्याआधी भागीरथीबाई मेथ्या घेऊन गेल्या. लोणचं घालतायत."

तात्या निघाले भागीरथीबाईंच्या दारात. बाई तोंडाची फटकळ.

"या या! जन्मात कधी उंबरा ओलांडला नाहीत, आणि आज आलात ते काय मागायला?"

"मेथ्यांचा कागद."

"मेथ्या नव्हे, कागद? शालनला माहीत आहे का तुम्ही घराबाहेर आलात ते?"

कागद सापडला. फोडणीच्या पळीखाली ठेवलेला, तेलानं चिंब. तेलामुळे पान आरपार झालेलं, अलीकडची अक्षरं पलीकडच्या अक्षरांत मिसळलेली. भागीरथीबाई म्हणाल्या, "एवढं काय आहे हो त्यात?" तात्यांनी सांगायला सुरुवात केली, दारातच. लाजाळू माणूस, पण थांबेचना! मग बाईंनी स्वतःच तो कागद उन्हाकडे धरला, आणि दोघं मिळून अक्षरं लावू लागले. नवरीचा सासरा ओरडतोय, "निघालेली नवरी माहेराकडे फिरली तर अपशकुन होतो!" नवरी उभी राहिलीय. होडी डुचमळतेय. आणि नावाड्यानं सासऱ्याकडे बघितलं, नवरीकडे बघितलं, आणि म्हणाला, "होडी माझी आहे."

संपलं पान! पुढं काही नाही.

"फिरवली असणार!" भागीरथीबाई तेलाच्या हातानं कपाळ पुसत म्हणाल्या. "फिरवली नाही तर मी त्या नावाड्याला सोडायची नाही!"

तात्या घरी आले. ते उरलेलं निम्मं पुस्तक उघडलं. स्नान झालं होतं का? नाही. पूजा? राहिली होती. पेन्सिल कुठं? कोणाला ठाऊक! स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या उभ्याच वाचत राहिले. शालनताईंनी चहा ठेवला, त्याच्यावर साय धरली. आत परत कोणीतरी चालायला लागलं होतं हो!

वाचून झालं. गोष्टीला शेवट नाहीच. आणि तेव्हा त्यांची नजर गेली देव्हाऱ्याच्या फळीवर.

कोरं आंतर्देशीय पत्र काढलं. 'ती. गोदाक्कास साष्टांग नमस्कार' एवढं लिहिलं, आणि पेन परत खाली ठेवलं.

"आता काय झालं?" शालनताई म्हणाल्या.

"अर्धीच गोष्ट आहे गं. आक्काला अर्धी कशी लिहू? आजवर कधी अर्धी पाठवली नाही."

शालनताई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं आक्कांना गोष्टी पाठवत होतात, का नुसते समाप्त?"

मंडळी, इतकी वर्षं मी कीर्तन करतो. पण असं निरूपण मला कधी जमलं नाही!

तात्यांनी लिहिलं. "आक्का, तू विचारतेस काय वाचतोस. खरं सांगतो, फार दिवस काहीच वाचलं नाही. वाचायची इच्छाच उरली नव्हती. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून लिहिलं नाही. आता एक पुस्तक वाचतोय. त्याचं नाव मला ठाऊक नाही. शेवट मिळाला नाही, मिळेल असंही वाटत नाही. गोष्ट अशी आहे..." आणि मग होडी, नदी, नवरी, काठावरचा धाकटा. घडीच्या कडांपर्यंत. शेवटी लिहिलं, "नावाड्यानं होडी फिरवली का नाही? इथं भागीरथीबाईंचं एक मत आहे, शालनचं दुसरं. तुला काय वाटतं ते कळव. अनसूयावहिनींनाही विचार. मी वाट बघतो."

पत्र चिकटवलं. पोस्टाच्या लाल पेटीपाशी गेले. हात पेटीच्या तोंडापर्यंत गेला आणि थांबला! मनातल्या शंकेनं परत उचल खाल्ली. असं पत्र पाठवायचं? तुटकं? उद्या बाजारात चौकशी केली, कोणाकडे शेवटचं पान मिळालं, मग नीट, पूर्ण करून...

तात्यांचा हात तिथं पेटीपाशी आहे. तो तसाच राहू द्या. मला तुमच्याशी बोलायचंय.

तुम्ही रोज माळ ओढता, स्तोत्रं म्हणता. म्हणा, जरूर म्हणा. पण एकदा तरी बघा, आत कोणी चालतंय का, का नुसत्या पेन्सिलीच्या खुणा होतायत? गोडी गेली असेल तर कपाळ बडवून घेऊ नका. देवावर रुसू नका, स्वतःवरही नको. ती गेलेली नसते. आपणच तिला शिस्तीच्या खोलीत कोंडून वर विचारतो, ही बोलत का नाही? दार उघडा. कुठल्याही पुडीच्या कागदातून ती परत येईल! देव असा सोवळा नाही, की तेलकट कागदातून भेटायचा नाही.

आणि दुसरं. 'नीट झालं की देईन, पुरं झालं की सांगेन' म्हणून तुम्ही कोणाकोणाला थांबवून ठेवलंय? ताई, तुम्ही? काका, तुम्ही? त्या खांबाला टेकून बसलेल्या गृहस्थांनो, झोप पुरे, तुम्हालाच विचारतोय! कोणीतरी तुमच्यासाठी ओट्यावर बसलंय. उजेड बरा आहे म्हणतंय. त्याला तुमचं समाप्त नकोय हो. त्याला तुम्ही हवे आहात, जसे असाल तसे, अर्धे, फाटके, तेलकट!

पोस्टमन थैली घेऊन पेटी उघडायला येत होता. तात्यांना पाहून म्हणाला, "काय तात्या, टाकताय का मी घेऊ हातातच?"

"नको," तात्या म्हणाले. "मीच टाकतो."

आणि पत्र पेटीत पडलं.